पाकिटावर गहू लिहिलेला नाही, तरी ग्लुटेन निघालं : लेबलं कशी तपासता?

अबोली:

नमस्कार. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिला सिलिअ‍ॅक असल्याचं कळलं, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. आधी रक्तातल्या अँटिबॉडी, मग एंडोस्कोपी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी, असं रीतसर निदान झालं आहे. गहू, मैदा, रवा कायमचं बंद. घरातलं गव्हाचं सगळं त्याच दिवशी बाजूला काढलं. घरी शिजवलेल्याचं मला कळतं, कारण त्यात काय पडलं ते मी स्वतः घातलेलं असतं. अडतं ते बंद पाकिटाशी.

झालं असं की मी तिच्यासाठी कॉर्नफ्लेक्स आणले. मागचे घटक दुकानात उभं राहून वाचले होते. मका, साखर, मीठ, माल्ट अर्क. मी गहू शोधत होते, गहू नव्हता, म्हणून घेतले. तीन आठवडे ती रोज सकाळी तेच खात होती. कमी झालेलं पोटदुखणं परत सुरू झालं. आहारतज्ज्ञांनी नाश्त्याला काय देता ते विचारलं, पाकीट दाखवल्यावर त्यांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं. माल्ट. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा मोड आणलेली बार्ली, आणि बार्लीत ग्लुटेन असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून प्रत्येक पाकीट हातात घेतलं की भीती वाटते. कोणते शब्द शोधायचे? स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, 'मंजूर स्टॅबिलायझर', आकडे... यातलं धोक्याचं काय? आणि 'गव्हाचे अंश असू शकतात' असं लिहिलेलं असेल तर घ्यायचं की नाही? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाऊलवाट:

अबोलीताई, मला सिलिअ‍ॅक होऊन १४ वर्षं झाली. पहिल्या वर्षी माल्टनेच मलाही फसवलं होतं, फक्त माझ्या बाबतीत ते चॉकलेटमध्ये होतं. तुम्ही पाकीट वाचलं होतंत. काय शोधायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं, तर तुम्हाला कसं कळणार?

आपण 'गहू बंद' असं ऐकतो आणि डोक्यात गहूच बसतो. धान्यं तीन आहेत: गहू, बार्ली आणि राय. ग्लुटेन हे या धान्यांतल्या साठवणीच्या प्रथिनांचं ढोबळ नाव. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, बार्लीत होर्डीन, रायमध्ये सेकॅलिन. नावं पाठ करायची गरज नाही, पण एवढं लक्षात ठेवा की 'गहूविरहित' आणि 'ग्लुटेनविरहित' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता या तिघांची सोंगं. गहू या नावाने येईलच असं नाही. डुरम, स्पेल्ट, आइनकॉर्न, कामुत, एमर हे सगळे गहूच. एमर म्हणजे खपली. खपली पचायला हलका म्हणून पुष्कळ लोक सुचवतात, सिलिअ‍ॅक असणाऱ्यांनी तो अजिबात खायचा नाही. रवा, मैदा, दलिया, कुसकुस, बल्गर, कोंडा, गव्हाचा अंकुर हेही गहूच. सेतान म्हणजे तर निव्वळ ग्लुटेन. ट्रिटिकेल हा गहू आणि राय यांचा संकर. बार्ली म्हणजे सातू किंवा जव, आणि ती माल्टच्या रूपात सर्वांत जास्त फिरते: माल्ट अर्क, माल्ट सिरप, माल्ट फ्लेवर, माल्ट व्हिनेगर, माल्टेड मिल्क. रायची पाकिटं तुलनेने कमी दिसतात, ब्रेड आणि क्रॅकर सोडले तर.

माल्टोडेक्स्ट्रिन, माल्टोज, माल्टिटॉल यांच्या नावात 'माल्ट' ऐकू येतं म्हणून घाबरू नका. तो माल्ट नव्हे. माल्टोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून करतात, बहुधा मक्याच्या. गव्हाच्या स्टार्चपासून केलेलं असलं तरी प्रक्रियेत प्रथिन इतकं निघून जातं की युरोपच्या नियमांत गव्हाच्या माल्टोडेक्स्ट्रिनला आणि ग्लुकोज सिरपला अ‍ॅलर्जी-सूचनेतून सूट आहे. डेक्स्ट्रोजही त्याच सुटीत येतं.

शब्दवेडी:

एक शंका. पथ्याच्या यादीत राय बघून मी मोहरी बंद केली होती. आमच्या घरी मोहरीला राई म्हणतात. ते चुकलं का?

पाऊलवाट:

हो, मोहरी सुरू करा. राय हे गव्हाच्या कुळातलं धान्य आहे, मोहरीशी त्याचा काही संबंध नाही. मोहरीच्या तयार पेस्टमध्ये मात्र घट्टपणासाठी पीठ घातलेलं असू शकतं, तेवढं मागे वाचून घ्या. नावांनी होणारा असाच आणखी एक घोळ कुट्टूचा. इंग्रजीत त्याला बकव्हीट म्हणतात, नावात 'व्हीट' आहे, पण तो गहू नाही आणि त्यात ग्लुटेनही नाही. फक्त कुट्टूच्या नूडल्समध्ये अनेकदा गव्हाचं पीठ मिसळतात. आणि 'ग्लुटिनस राइस' म्हणजे नुसता चिकट तांदूळ, त्यात ग्लुटेन नसतं.

शब्दवेडी:

धन्यवाद! चार महिने विनाकारण फोडणीत मोहरी नव्हती आमच्याकडे.

मोजमाप:

मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो, त्यामुळे पाकीट छापण्याआधी आत काय चालतं ते सांगतो. लेबल वाचताना त्याचा उपयोग होईल.

'ग्लुटेन-फ्री' म्हणजे शून्य नाही. कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय मानकात, २००८ साली सुधारलेल्या, मर्यादा आहे एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन. यालाच २० पीपीएम म्हणतात. अमेरिका, युरोप, भारत, बऱ्याच ठिकाणी हाच आकडा आहे. २० ते १०० च्या मधल्या पदार्थाला कमी ग्लुटेनचा म्हणता येतं, पण तो सिलिअ‍ॅकसाठी ग्लुटेन-फ्री नाही. पाकिटावर 'लो' किंवा 'व्हेरी लो' असा शब्द दिसला तर गफलत होऊ देऊ नका. काही प्रमाणपत्रं याहून कडक असतात, उदाहरणार्थ जीएफसीओ या संस्थेच्या चिन्हासाठी मर्यादा १० पीपीएम आहे. आडवी रेघ मारलेल्या गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं, त्यासाठी २० ची.

दुसरं, घटकांची यादी वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने असते. म्हणून लोक पहिली चार नावं वाचतात आणि थांबतात. ग्लुटेनच्या बाबतीत शेवटची नावंच बघायची असतात. माल्ट फ्लेवर अर्धा टक्का असेल, यादीत सर्वांत खाली असेल, आणि तरीही त्यातून ग्लुटेन आत येईल. तसंच कंसातला मजकूर. 'मसाला मिश्रण (...)', 'बिस्किटाचा चुरा (...)', 'सॉस पावडर (...)' अशा एका घटकाच्या पोटात पाच घटक असतात. सोया सॉस पावडर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. सोया सॉस पारंपरिक पद्धतीने सोयाबीन आणि गहू दोन्ही आंबवून करतात, त्यामुळे चिप्स, सूप, भाजलेले दाणे, इन्स्टंट नूडल्सचा मसाला, कुठूनही गहू आत शिरतो.

तिसरं, एकाच यंत्रसाखळीवर सकाळी गव्हाची बिस्किटं आणि दुपारी तांदळाची, असं होतं. मधे धुलाई होते. पण कोरड्या पिठाची साखळी पाण्याने धुता येत नाही, ब्रश, व्हॅक्यूम आणि हवेचा झोत यांवर भागवावं लागतं, आणि पीठ हवेत तरंगतं. सांध्यांत, पट्ट्याखाली, चाळणीच्या कडेला राहतं. जिथे ओली धुलाई शक्य आहे, म्हणजे सॉस, पेयं वगैरे, तिथे परिस्थिती बरीच बरी असते. म्हणून मी स्वतः 'अंश असू शकतात' ही सूचना कोरड्या पिठाच्या पदार्थावर दिसली तर जास्त गंभीरपणे घेतो.

आणि ही सूचना बहुतेक देशांत ऐच्छिक आहे. जी कंपनी लिहिते ती निदान विचार करते. जी लिहीत नाही, तिच्याकडे धोका नाही असा अर्थ काढता येत नाही. हे ग्राहकांच्या फारसं लक्षात येत नाही, आणि मला या व्यवसायात असूनही त्याचा राग येतो.

सरळरेषा:

माफ करा, पण इतकं बारीक बघायची खरंच गरज आहे का? माझ्या भाच्याला सिलिअ‍ॅक आहे. तो आठवड्यातून एखादं बिस्किट खातो, त्याला काही होत नाही. मुलांना सारखं 'हे नको, ते नको' करण्यानेही त्रास होतोच की. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही.

पाऊलवाट:

सरळरेषा, तुमची काळजी समजते. मुलांना सतत नाही म्हणणं कुणालाच आवडत नाही. पण 'काही होत नाही' हे बाहेरून दिसतं तेवढंच असतं. पोट दुखलं नाही तरी आतड्याच्या अस्तरावरची लव झिजत राहू शकते. अनेकांना निदानाच्या वेळीही पोटाचा त्रास नसतो, फक्त रक्तक्षय असतो किंवा उंची वाढत नसते.

आकडेमोड करून बघा. ब्रेडच्या साधारण ३० ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये सुमारे २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पथ्य व्यवस्थित पाळणाऱ्या सिलिअ‍ॅक रुग्णांना ९० दिवस रोज १० किंवा ५० मिलिग्रॅम ग्लुटेन कॅप्सूलमधून दिलं. ५० मिलिग्रॅमवाल्या गटात आतड्याच्या अस्तराचं नुकसान दिसलं. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग. टेबलावर सांडलेला चुरा तेवढा भरतो.

२० पीपीएमची मर्यादा याच हिशेबात बसते. पदार्थ अगदी मर्यादेवर असला आणि दिवसभरात असं अर्धा किलो खाल्लं, तरी पोटात १० मिलिग्रॅम जातं. भाच्याचं एक बिस्किट या हिशेबात बसत नाही. त्याच्या अँटिबॉडी शेवटच्या केव्हा तपासल्या आहेत, एवढं विचारून बघाल का?

सरळरेषा:

दीड वर्षापूर्वी. आज संध्याकाळी बहिणीला फोन करतो.

आहारवेध:

मी आहारतज्ज्ञ आहे. वरचे प्रतिसाद चांगले आहेत, मी तीन-चार गोष्टींची भर घालते.

अबोली, घरात इतरांनाही हा आजार असू शकतो. आई-वडील आणि भावंडं यांच्यात शक्यता सर्वसामान्य लोकांपेक्षा जास्त असते. त्यांची रक्ततपासणी करून घ्या, पण ती ते गहू खात असतानाच करायला हवी. 'आता घरात सगळेच ग्लुटेन-फ्री खाऊ' असं आधी ठरवलंत तर अँटिबॉडी खाली येतात आणि तपासणी खोटा दिलासा देते. ही चूक मी खूप वेळा पाहिली आहे.

ओट्सबद्दल कुणी लिहिलं नाही. ओट्समध्ये अ‍ॅव्हेनिन नावाचं वेगळं प्रथिन असतं आणि बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांना शुद्ध ओट्स चालतात. अडचण शुद्धतेची आहे. शेतात पीक फिरवून घेतात, ट्रक, कोठारं, गिरण्या सामाईक असतात, त्यामुळे साध्या ओट्समध्ये गहू आणि बार्लीचे दाणे हमखास निघतात. ग्लुटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेले ओट्सच घ्यायचे. त्यातही थोड्या रुग्णांना अ‍ॅव्हेनिनही सोसत नाही. म्हणून लहान मुलांत निदानानंतर लगेच ओट्स सुरू करू नका. आधी त्रास थांबू दे, अँटिबॉडी उतरू दे, मग डॉक्टरांशी बोलून थोड्या प्रमाणात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओट्स असलेल्या पदार्थावर ग्लुटेन-फ्री लिहिताच येत नाही, इतकी तिथली व्याख्या कडक आहे.

मूळचीच ग्लुटेन नसलेली धान्यं पीठ झाल्यावर तशीच राहतात असं समजू नका. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत तृणधान्यं, बिया आणि पिठांचे २२ नमुने तपासले होते. सगळे मूळचे ग्लुटेन नसलेले, आणि कुठल्याही पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं नव्हतं. त्यांतल्या ७ नमुन्यांत २० पीपीएम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन निघालं. त्यामुळे ज्वारी, बाजरी, मका, सोया यांचं पीठ घेताना पाकिटावर दावा आहे का ते बघा, नाहीतर धान्य अख्खं घ्या, निवडा, धुवा, वाळवा आणि जिथे गहू दळत नाहीत अशा ठिकाणी दळा.

आणखी एक. पाकिटावर ग्लुटेन-फ्री असलं म्हणजे ते पौष्टिक आहे असं मुळीच नाही. या बिस्किटांत आणि ब्रेडमध्ये पुष्कळदा स्टार्च, साखर, चरबी जास्त आणि तंतू, प्रथिनं कमी असतात. मुलीचं वय वाढीचं आहे. पाकीट रोजच्या जेवणाची जागा घेणार नाही याकडे लक्ष द्या.

निळाई:

आमच्याकडे प्रश्न उलटा आहे, म्हणून लिहिते. माझ्या मुलाला सिलिअ‍ॅक नाही, गव्हाची अ‍ॅलर्जी आहे. आम्ही सुरुवातीला 'ग्लुटेन-फ्री' पाहून डोळे मिटून घ्यायचो. एकदा एका ग्लुटेन-फ्री ब्रेडने त्याचे ओठ सुजले. मागे बघितलं तर घटकांत गव्हाचा स्टार्च होता. ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च २० पीपीएमच्या आत असेल तर त्यापासून केलेला पदार्थ नियमाप्रमाणे ग्लुटेन-फ्री ठरतो. सिलिअ‍ॅकला तो चालतो, गव्हाच्या अ‍ॅलर्जीला नाही. उलट बार्ली आम्हाला चालते आणि अबोलीताईंच्या मुलीला नाही. दोन्ही आजारांचे लोक एकमेकांना पाकिटं सुचवतात तेव्हा कृपया आधी विचारा की नक्की काय आहे.

मोजमाप:

निळाई, फार महत्त्वाचं लिहिलंत. अमेरिकेत अशा पाकिटावर गहू असल्याची सूचना आणि त्याच्याशेजारी 'ग्लुटेन काढलेलं आहे' असा खुलासा दोन्ही छापावे लागतात, तेव्हा ग्राहक गोंधळतो. वरवर परस्परविरोधी वाटतं, पण चूक नसते.

स्टार्चचा विषय निघालाच आहे तर आकड्यांचं सांगतो. घटकांच्या यादीत मिश्रकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक छापतात, त्यांना आयएनएस क्रमांक म्हणतात. त्यांतले १४०० ते १४५० च्या आसपासचे, म्हणजे १४२२, १४४२ वगैरे, हे सुधारित स्टार्च. या क्रमांकावरून तो मक्याचा, टॅपिओकाचा, बटाट्याचा की गव्हाचा हे कळत नाही. जिथे अ‍ॅलर्जी-सूचना कायद्याने सक्तीची आहे तिथे गव्हाचा असेल तर तसं लिहावं लागतं. जिथे त्या नियमाची खात्री नाही तिथे विचारल्याशिवाय घेऊ नका. कॅरॅमल रंग १५०, लेसिथिन ३२२, झँथन गम ४१५, ग्वार गम ४१२ यांनी घाबरू नका. उलट झँथन आणि ग्वार हे ग्लुटेन-फ्री ब्रेड बांधून ठेवायला मुद्दाम घालतात.

यीस्ट अर्काकडे मात्र बघा. तो कधी कधी बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून करतात, आणि बिअर बार्लीची. साधं बेकरीचं यीस्ट चालतं. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' कुठल्या वनस्पतीचं आहे तेही बघा, सोयाचं की गव्हाचं.

दूरदेशी:

माझं काम फिरतीचं आहे, दर दोन महिन्यांनी वेगळा देश. तेच पाकीट, तोच रंग, तीच कंपनी, आणि मागे वेगळे घटक, हे मी स्वतः पाहिलं आहे. एका देशात चालणारं चॉकलेट दुसऱ्या देशात बार्ली माल्टसकट निघालं. कारखाना वेगळा, पाककृती वेगळी.

नियमांतला एक फरक सगळ्यांनी लक्षात ठेवावा. युरोपात २०११ च्या नियमाप्रमाणे गहू, राय, बार्ली, ओट्स या सगळ्यांची नावं घटकांच्या यादीत ठळक छापावी लागतात. भारतातही ग्लुटेन असलेली धान्यं अ‍ॅलर्जीच्या सूचनेत सांगावी लागतात, त्यांत बार्ली, राय, ओट्स येतात. अमेरिकेच्या २००४ च्या अ‍ॅलर्जी-कायद्यात मात्र फक्त गहू आहे. तिथल्या पाकिटावर 'कंटेन्स: मिल्क, सोय' एवढंच असेल तरी आत बार्ली असू शकते. तळाची सूचना वाचून थांबू नका, वरची यादी संपूर्ण वाचा. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलं असेल तर मात्र तिथेही २० पीपीएमची मर्यादा लागू आहे, तो नियम २०१३ चा.

एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या चवींबद्दलही हेच. साधे मीठवाले चिप्स चालतात म्हणून बार्बेक्यू चव चालेलच असं नाही.

पारिजात:

बारकोड स्कॅन करणारी अ‍ॅप कुणी वापरतं का? वाचायचा त्रास वाचतो.

पाऊलवाट:

मी वापरते, पण पहिली चाळणी म्हणून. त्यातली बरीचशी माहिती लोकांनीच भरलेली असते. ओपन फूड फॅक्ट्ससारखी मुक्त यादीसुद्धा स्वयंसेवकांवर चालते, म्हणून ती मोठी आहे आणि म्हणूनच ती जुनी असू शकते. अ‍ॅपने 'नाही' म्हटलं तर मी पाकीट ठेवून देते. अ‍ॅपने 'हो' म्हटलं तर पाकीट उलटून वाचते. तुमच्या हातातल्या पाकिटावर छापलंय तेच खरं धरायचं.

अबोली:

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस बसून कपाटातलं एकेक पाकीट पुन्हा वाचलं. ३१ पाकिटं होती, त्यांतली ९ बाजूला गेली. दोन सूपच्या पाकिटांत गव्हाचं पीठ, एका आइस्क्रीमच्या डब्यात बिस्किटाचा चुरा, सोया सॉस, माल्टचं पेय, एका मसाला मिश्रणात यीस्ट अर्क कशाचा ते लिहिलेलं नाही. बाजूला गेलेल्यांतल्या उरलेल्या तीन पाकिटांवर 'अंश असू शकतात'.

एक विचारायचं राहिलं. सासूबाईंचं म्हणणं असं की पदार्थ नीट भाजला, तळला की त्यातलं सगळं मरतं. आंबवलं की पचायला सोपं होतं. त्यांची नातीवर फार माया आहे, तिला आवडीचं काही देता येत नाही याचं त्यांना वाईट वाटतं, म्हणून त्या वाटा शोधत असतात. त्यांना कसं समजावू?

आहारवेध:

त्यांना सांगा की जंतू उष्णतेने मरतो. ग्लुटेन हे प्रथिन आहे, जिवंत काही नाही, त्यामुळे मरण्याचा प्रश्नच येत नाही. ओव्हनमधून निघालेल्या ब्रेडमध्ये ग्लुटेन असतं म्हणूनच तो स्पंजासारखा राहतो. त्याच तेलात गव्हाचं काही तळलं असेल तर तेलातूनही येतं. आंबवल्याने ग्लुटेन काही प्रमाणात तुटतं, पण गव्हाचा साधा आंबवलेला ब्रेड सिलिअ‍ॅकला चालत नाही.

आजींना एक गोष्ट सांगून बघा, माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना ती पटते. विलेम डिके नावाचे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना. बाकी माणसं भुकेने खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली, आणि ब्रेड परत मिळायला लागल्यावर पुन्हा आजारी पडली. गव्हावर डिकेंना आधीपासून संशय होता, पुढे १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी या मुलांना आजार कशाने होतो ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांतली बरीच दगावत. आपल्याला कारण माहीत आहे, म्हणून नात वाढणार आहे, खेळणार आहे. ही नात्याने सांगायची गोष्ट आहे, वाद घालायची नाही.

मोजमाप:

आंबवलेल्याबद्दल तांत्रिक भर. नेहमीची ग्लुटेन चाचणी, एलायझा, प्रथिनाला दोन ठिकाणी पकडते. प्रथिनाचे तुकडे झाले की दोन्ही पकडी एकाच तुकड्यावर सापडत नाहीत, आणि चाचणी खरं प्रमाण दाखवत नाही. तुकडे मात्र आतड्याला त्रास देऊ शकतात. म्हणून बार्लीपासून करून नंतर 'ग्लुटेन काढलेली' बिअर, माल्ट अर्क, आंबवलेले सॉस यांच्या चाचणीच्या आकड्यावर मी विसंबणार नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानेही, २०२० मध्ये अशा पदार्थांसाठी वेगळा नियम केला: कच्चा माल आंबवण्याआधीच ग्लुटेन-फ्री होता याच्या नोंदी उत्पादकाने ठेवायच्या. ऊर्ध्वपातन केलेलं व्हिनेगर वेगळं, त्यात प्रथिन मागेच राहतं. माल्ट व्हिनेगर ऊर्ध्वपातित नसतं, ते टाळा.

पारिजात:

कंपनीला मेल केला तर उत्तर देतात का? मला एकदा फक्त 'आमची सर्व उत्पादने नियमांनुसार आहेत' एवढंच आलं.

मोजमाप:

प्रश्न मोघम असला की उत्तर मोघम येतं. 'ग्लुटेन-फ्री आहे का' असं विचारलंत तर ग्राहक विभाग ठरावीक वाक्य चिकटवतो. त्याऐवजी पाकिटाचा बॅच क्रमांक द्या आणि विचारा: यातला स्टार्च आणि यीस्ट अर्क कशापासून केलेला आहे? त्याच यंत्रावर गहू, बार्ली, राय असलेलं काही बनतं का? बनत असेल तर मधली सफाई ओली की कोरडी? तयार मालाची ग्लुटेन चाचणी होते का, प्रत्येक बॅचची की वर्षातून एकदा? असा मेल गुणवत्ता विभागापर्यंत पोचतो, कारण ग्राहक विभागाला त्याची उत्तरं देता येत नाहीत. माझ्या टेबलावर असे मेल येतात आणि मी त्यांना उत्तर देतो.

अबोली:

मी मसाला मिश्रणाच्या कंपनीला असाच मेल केला, मोजमाप यांनी दिलेले प्रश्न तसेच्या तसे. चौथ्या दिवशी उत्तर आलं. यीस्ट अर्क बेकरीच्या यीस्टचा आहे, स्टार्च मक्याचा. पण त्याच यंत्रावर गव्हाचं पीठ असलेली मिश्रणं भरतात, सफाई कोरडी आहे, ग्लुटेनची चाचणी होत नाही. सरळ लिहिलं याबद्दल त्यांचे आभार मानले आणि ते पाकीट शेजारी देऊन टाकलं.

सासूबाईंना डिके यांची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं की त्या मुलांच्या आयांना आधी कसं वाटलं असेल. काल त्यांनी चष्मा लावून नातीच्या चॉकलेटचं पाकीट वाचलं, आणि 'बार्ली' दिसल्यावर मला हाक मारून विचारलं, हे सातूच ना गं?

सरळरेषा:

भाच्याचा अहवाल आला. अँटिबॉडी बऱ्याच वाढलेल्या आहेत. बिस्किट बंद केलं आहे, पुढची भेट सोमवारी आहे. पाऊलवाट, तुम्ही विचारलंत म्हणून तपासणी झाली.

पाऊलवाट:

बरं झालं कळलं ते. सोमवारी डॉक्टरांना हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व आणि उंची-वजनाच्या आलेखाबद्दलही विचारा. तो औषधं घेत असेल तर गोळ्यांमधला स्टार्च कशाचा आहे तेही औषधविक्रेत्याकडून बघून घ्या, ते बहुतेक जणांच्या लक्षात येत नाही.